उशिराचा पाय

जासरिल मामाचा उजवा गुडघा बावीस वर्षांपूर्वी बुस्तामींनी मोडला, सिलेकच्या, म्हणजे आमच्याकडच्या हातापायांच्या झुंजीच्या, एका मैत्रीच्या लढतीत. बुस्तामी म्हणाले, चुकून झालं. मामा काहीच म्हणाला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

आमच्याकडे भाच्याला घडवायचं ते मामानंच. मला त्यानं अकरा वर्षं एकच गोष्ट घोटून घेतली, समोरच्याचा पाय झाडून काढणं.

"पायाकडे काय बघतोस टकामका? भार कुठं उतरतोय ते बघ. टेकण्याआधी झाडलास तर माणूस ढुंगणावर आपटतो, लोक हसतात. भार पुरता उतरल्यावर टाच घातलीस तर पडत नाही, मोडतो."

"मग आधीच झाडायचं ना, मामा?"

"ते खेळात," मामा म्हणाला.

यंदा माझ्या बहिणीचं, एल्नीचं लग्न ठरलं ते नेमकं बुस्तामींच्या भाच्याशी. वरात दारात आली की दोन्हीकडचे खेळाडू ढोलावर दोन फेऱ्या खेळतात. शेवटी मुलीकडचा समोरच्याला झाडून पाडतो, हशा होतो आणि नवरदेव आत येतो. सकाळी मामानं माझा कमरपट्टा स्वतः आवळला.

"बुस्तामी स्वतः खेळणार आहे. टाच घाल."

मी मान हलवली, पण आधीच झाडायचं हे मनाशी पक्कं केलं. एल्नीचा संसार मला असा सुरू होऊ द्यायचा नव्हता.

ढोल वाजला. बुस्तामी पुढे आले. सत्तरीचे, वाळलेले. दुसऱ्या फेरीत त्यांनी डावा पाय उचलला, मी तो झाडायला खाली बसलो. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "पोरा, मामाचा गुडघा फार दुखतो का रे? मला अजून झोप लागत नाही."

मी थबकलो. पापणी लवते तेवढाच वेळ. मग माझा पाय सवयीनं सुटला, पण तोवर त्यांचा टेकला होता. सगळा भार त्याच्यावर होता.

तो आवाज ढोलावरूनही ऐकू गेला. बुस्तामी माझ्याकडे बघतच खाली बसले. वऱ्हाडी त्यांना उचलायला धावले.

"मला आधी झाडायचं होतं," मी म्हणालो. "मी थांबलो, म्हणून..." कोणी ऐकतच नव्हतं.

मामा लंगडत आला. अकरा वर्षांत त्यानं मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. सगळ्यांदेखत त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अचूक," तो म्हणाला.

पायरीवर उभ्या एल्नीनं ते ऐकलं, आणि ती डोक्यावरचा नवरीचा सोनेरी मुकुट आपल्याच हातांनी उतरवायला लागली.