ड्रमच्या तळातली बरकत

मित्रांनो, मी बियाण्याला औषध चोळणारा जुना ड्रम आहे. मला पोटाखेरीज दुसरं काही नाही, आणि दर वसंतात नेमका त्यातच गोळा येतो.

सामूहिक शेतीच्या काळात मी चकचकीत होतो. भिंतीवरच्या वर्तमानपत्रात माझा फोटोही लागला होता. पुढे ती शेती मोडली, भिंतही पडली. उरलो मी आणि मला फिरवणारे जुमाशआगा. तीस वर्षं आम्ही गव्हाला काणी रोगावरचं लाल, विषारी औषध चोळतोय. आगा मला कधीच धूत नसत. घोडीच्या दुधाचं कुमिस करताना कातडी पिशवीच्या तळाशी जुनं थोडं राखतात, तशी माझ्या तळाशी औषध लागलेल्या दाण्यांची शेवटची मूठ राखत. बरकत म्हणे!

यंदा गावातली तरुण शेतकरीण बल्झान आली. दोन वर्षं तिचा गहू खुरटला होता. घरचं राखलेलं बियाणं एकाच पेरणीपुरतं उरलं होतं. हातात एक बाटली.

"आगा, यात जिवंत जिवाणू आहेत. मुळांशी राहून गव्हाला खाऊ घालतात."

"म्हणजे जेवायला नाही, वाढायला येणारे पाहुणे? आमच्याकडे असले कधी फिरकले नाहीत."

अर्धं बियाणं आणि अर्धी बाटली माझ्यात पडली. तळाचं लाल विष त्या जिवाणूंना मारणार, हे मला ठाऊक होतं. मी कुरकुरलो, खडखडलो, दांड्याला हिसके दिले.

"आज फार कटकट करतोय हा," आगा म्हणाले.

"वय झालं, आगा. तुमचंच वळण लागलंय."

बियाणं बाहेर आलं तेव्हा बल्झानचा तळवा लाल झाला होता.

"ड्रम धुतला नव्हता?"

"धुवून बरकत घालवू?"

"कुमिसच्या पिशवीच्या तळाशी काय ठेवता, आगा?"

"जुनं कुमिस. जिवंत असतं ते."

"आणि इथे?"

आगांनी पाण्याची बादली आणली. मग बाह्या सारून कमरेपर्यंत माझ्यात वाकले आणि मला तीनदा घासलं. उरलेलं बियाणं त्यानंतरच आत आलं.

दोन्ही अर्धी शेजारी शेजारी पेरली. जुलैत आगांनी दोन्हीकडचं एकेक रोप गुपचूप उपटून माझ्यापाशी आणलं. पहिल्याची मुळं आगांच्या मिशीइतकी विरळ, दुसऱ्याची बोकडाच्या दाढीसारखी दाट.

"बल्झानला बोलू नकोस," ते मला म्हणाले.

तिला नाही बोललो, मित्रांनो. तुम्हाला सांगतोय. जुन्या वस्तूला तेल घालता, बरं करता. पण तिच्या पोटात काय उरलंय, तेही एकदा बघत जा.

आता बरकतीची मूठ फडक्यात बांधलेली माझ्या दांड्याला लटकते. तरी वसंतात पोटात गोळा येतोच. पाण्याच्या बादलीचा आवाज आला, की मगच जरा सुटतो.