शिकवलेली उत्तरं

कुलदीपला दात घासायला शिकवण्यात आशाबाईचं अख्खं वर्ष गेलं होतं. आधी पेस्टचं झाकण, मग ब्रश ओला करणं, मग खालचे दात, मग वरचे. न्हाणीच्या भिंतीवर एकेका कामाचं चित्र चिकटवायचं आणि रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगायचं. ही रीत तिला अमरावतीच्या आकांक्षा मॅडमनी दाखवली होती. तेव्हा कुलदीप लहान होता. परतवाड्याहून एसटीने त्याला मांडीवर घेऊन ती त्यांच्या केंद्रात जायची. "याला स्वमग्नता म्हणतात, ताई," मॅडम म्हणाल्या होत्या. "हा आजार नाही, म्हणून बरा व्हायचा प्रश्न नाही. पण तो शिकेल. हळू, त्याच्या वाटेने."

आणि तो शिकलाही. पंचविशी ओलांडलेला कुलदीप आता स्वतःची अंघोळ करी, ताट धुऊन ठेवी, आणि बागेत संत्री उतरली की लहानमोठी वेगळी करत दिवसभर मांडी घालून बसे. कुकरची शिट्टी झाली की कान गच्च धरून परसात पळे. खुशीत असला की परतवाडा बसस्टँडवरची घोषणा जशीच्या तशी म्हणे. एरवी बोलणं नाहीच.

पोळा झाला आणि त्याच्या बापाच्या, पुंजारामच्या, अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून तो चालत घरी आला खरा, पण डावा हात लुळा पडला आणि मनात एकच गोष्ट घर करून बसली.

"आपल्या मांगं याले कोन पाहीन?" तो बाजेवर पडल्या पडल्या विचारी. "याचं लगन करून टाकू. बायको आली का सुधरते मानूस."

"सुधरासारखं काय बिघडलं हाये त्याचं?" आशाबाई म्हणे. पण पहिला प्रश्न तिलाही रात्री झोपू देत नसे.

नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. मुलगी आचल. आईबाप नाहीत, मामाकडे वाढलेली. मामा ओमप्रकाश हुंडा देऊ शकत नव्हता आणि पुंजाराम मागत नव्हता. पोरगा अबोल आहे, एवढंच पुंजारामने कळवलं. दिवाळीनंतर मामा भाचीला घेऊन घर पाहायला येणार, असं ठरलं.

"त्याले बसाबोलाचं शिकवून ठेव," पुंजाराम बायकोला म्हणाला. "तुह्यानंच होते ते."

आणि तिने शिकवलं. दात घासायला शिकवलं होतं तसंच. खुर्चीचं चित्र, जोडलेल्या हातांचं चित्र, चहाच्या कपाचं चित्र. "नाव काय?" "कुलदीप." "काय करता?" "संत्र्याची बाग पाहतो." "पोरगी कशी वाटली?" "पसंत आहे." चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जमलं की त्याच्या आवडीची पितळी वाटी फरशीवर फिरवायला द्यायची. वाटी गरगरताना तो हसे, आणि आशाबाई त्याच्याकडे न पाहता उठून जाई.

पाहुणे आले. कुलदीपने हात जोडले. नाव सांगितलं, बाग सांगितली. कपातला चहा बशीत न ओतता प्यायला. ओमप्रकाश खूश झाला.

"शांत हाये पोरगा. आजकाल असे कुठी भेटतात?" तो म्हणाला. "बोला दोघं जन. आमी वट्यावर बसतो."

आशाबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आचल अंगाने बारीक होती, पण नजर धीट होती.

"तुमाले काय आवडते?" तिने विचारलं.

"पसंत आहे," कुलदीप म्हणाला.

आचल लाजली. मग जरा वेळाने म्हणाली, "तसं नाई. खायाले काय आवडते?"

"पसंत आहे."

आचल पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यात चेष्टा नव्हती. लाजरा आहे बिचारा, असं तिला वाटलं होतं आणि तो तिला आवडला होता. आशाबाईला पुढचं दिसू लागलं. ही पोर उद्या या घरात येईल, रात्री दार लावेल, आणि हेच विचारत राहील.

"चाल बाई, तुले बाग दाखवतो," असं म्हणून तिने आचलला मागच्या दाराने बाहेर नेलं.

झाडांत गेल्यावर तिने आडपडदा न ठेवता सारं सांगितलं. तो कसा आहे, काय करू शकतो, काय कधीच करू शकणार नाही, आणि ती उत्तरं कोणी पाठ करून घेतली.

आचलने एका फांदीचं पान खुडलं.

"काकू, मले सांगून काय फायदा? मले कोन विचारून राहिलं?" ती म्हणाली. "मी मामाले सांगितलं तं तो म्हनीन, पोट्टी नखरे करते. तुमीच सांगा त्याले. समोर."

आशाबाई ओट्यावर आली. पुंजाराम तारखेचं बोलत होता. तिने त्याला मधेच थांबवून ओमप्रकाशला सारं सांगितलं.

ओमप्रकाशचा चेहरा आधी पडला, मग तापला. "बिनमायबापाची हाये म्हनून कोनाच्याही गयात बांधाची का आमी?" तो ओरडला. पुंजाराम खाली मान घालून काही पुटपुटला. आवाज वाढला तसा आतून धप्प धप्प ऐकू येऊ लागलं. कुलदीप कान धरून भिंतीवर डोकं आपटत होता. आशाबाई धावली. तिने त्याच्या कपाळाच्या आणि भिंतीच्या मध्ये आपला तळहात घातला. आचलने दारातून ते पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती मामाच्या मागे निघून गेली.

त्या दिवसापासून पुंजाराम बायकोशी बोलेनासा झाला. गोष्ट परतवाड्यापासून नांदगावपर्यंत पसरली. सोयऱ्यांच्या बारशा-साखरपुड्यांची बोलावणी बंद झाली. काहींना आशाबाईने फसवायला घेतलं याचा राग होता, तर बाकीच्यांना तिने ऐनवेळी खरं सांगितलं याचा.

पुढच्या आठवड्यात ती अमरावतीला गेली. मॅडमचे केस पांढरे झाले होते. आशाबाईने विचारलं, "आमच्या मांगं त्याले ठेवाले एखांदी चांगली जागा हाये का?"

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "माझा भरवसा बसावा अशी जागा या भागात मला माहीत नाही, ताई. मी खोटं सांगणार नाही." मग म्हणाल्या, "स्वयंपाक येतो का त्याला? भातापासून सुरू करा."

आशाबाईने चूल-गॅसची चित्रं काढून आणली. कुकर नको, म्हणून पातेलं. तांदूळ धुणं त्याला दोन दिवसांत आलं. तांदळावरचं पाणी बोटाने मोजणंही आलं. ज्योत पेटवणंही जमलं. गॅस बंद करणं मात्र काही केल्या जमेना. भात ताटात आला की त्याच्या लेखी काम संपे.

एका सकाळी तिने ठरवलं, आज आपण उठायचं नाही. कुलदीपने भात वाढून घेतला आणि जेवायला बसला. रिकाम्या पातेल्याखाली ज्योत जळत राहिली. तळाची शितं करपली, धूर निघाला. बाजेवरून पुंजाराम खोकला.

"बंद कर व," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

"तो करीन," ती म्हणाली.

कुलदीप एकेक शीत वेचून खात होता. धूर छतापर्यंत गेला. त्याने मान वर करून धुराकडे पाहिलं, आणि पुन्हा ताटात पाहू लागला.

आशाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने गॅस बंद केला.