'उद्या बघू' नावाचा घोडा

मित्रांनो, माझं नाव ऐकून हसू येणार असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फारसं नाही. मी तांबड्या रंगाचा, अकरा वर्षांचा घोडा आहे आणि माझं नाव 'उद्या बघू'.

माझा जन्म शिरवळजवळच्या एका तबेल्यात झाला. तिथं माझ्या भावंडांना लांबलचक इंग्रजी नावं मिळायची आणि ती रेसकोर्सवर जायची. मी उंचीला कमी पडलो, म्हणून मला नावच मिळालं नाही. दोन वर्षांचा झालो तेव्हा आष्ट्याच्या हिंदुराव हवालदारांनी मला घेतलं. पलटणीतून रिटायर होऊन ते ऊस लावायचे, पण जीव सगळा जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीत.

टेम्पो दारात आला आणि मी काही खाली उतरेना. हवालदारांनी ओढलं, चुचकारलं, पलटणीच्या आवाजात हुकूम सोडला. मी ढिम्म. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, "झालं की नाव ठेवून." सगळी आळी हसली. मग हवालदारांच्या घरच्या, शालूबाई, गुळाचा खडा घेऊन पुढं आल्या. "उद्या, ये रं बाळा," म्हणाल्या आणि मी उतरलो.

आमच्या भागात शर्यतीच्या घोड्याला असं नाव ठेवण्यात लोकांची चढाओढ असते. माझ्याबरोबर 'नेटवर्क' पळायचा. तो ऐन मोक्याला गायब व्हायचा. 'सासूबाई' नावाची पांढरी घोडी कुणाला पुढं जाऊ द्यायची नाही. 'पंक्चर' मात्र आयुष्यात कधी थांबला नाही. शर्यतीचे निवेदक भाऊसो भोंग्यावरून ओरडायचे, "सासूबाईंना मागं टाकून पंक्चर पुढं!" आणि अख्खं मैदान पोट धरून हसायचं. फायनल कोण मारणार, असं कुणी विचारलं की आमचे हवालदार मिशीत हसून माझं नाव सांगायचे. मला हे फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. विनोद मात्र आम्हा घोड्यांना कळत नाही. आम्हाला आवाज कळतो.

आवाज म्हणाल तर शालूबाईंचा. रोज संध्याकाळी त्या बांधावर उभ्या राहून हाक मारायच्या, "उद्याऽऽ, ये रं बाळा." मी कुठंही चरत असलो तरी धावत जायचो आणि त्यांच्या मुठीतला गूळ खायचो. नऊ वर्षांत एकदाही चुकलो नाही.

माझ्या पाठीवर बसायचा तो त्यांचा मुलगा कृष्णात. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत, आता याला जायचं होतं. पहाटे आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्यानं पळायचो, तो स्वतःच्या पायांनी आणि मी त्याच्या शेजारी. दोन भरत्या थोडक्यात हुकल्या होत्या. वयात बसणारी ही शेवटची, आणि ती तीन आठवड्यांवर आली होती.

तेवढ्यात चैत्रातली जत्रा आली. मंच मैदानाच्या डाव्या अंगाला, शर्यतीच्या वाटेच्या बरोबर मध्यावर होता. घोडे सुटायच्या आधी भाऊसो शालूबाईंना म्हणाले, "वहिनी, घोडा तुमच्या हाकेला लय मानतो म्हणं. घोडं निम्म्यात आलं की मारा एक हाक माईकवरनं. आणखी पळंल बघा."

शालूबाई लाजल्या. त्यांनी हवालदारांकडं पाहिलं. हवालदारांनी कौतुकानं मान हलवली. शालूबाईंनी पदर सारखा केला आणि माईक हातात घेतला. त्या हाकेचा मला काय अर्थ लागतो, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या घडीला कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घोडे सुटले. मी सासूबाईंच्या मानेइतका पुढं होतो. कृष्णात माझ्या मानेवर वाकून "चल गड्या, चल गड्या" म्हणत होता. आणि भोंग्यातून आवाज आला.

"उद्याऽऽ, ये रं बाळा."

मी डावीकडं वळलो. भरधाव वेगात, जागच्या जागी. पाठीवरचं ओझं एकदम हलकं झालं आणि बांबूचं कुंपण मोडल्याचा आवाज झाला. मी थेट मंचाशी गेलो आणि मान वर करून गुळाची वाट बघत उभा राहिलो. शालूबाईंच्या हातात माईक तसाच होता. त्यांची किंकाळी सगळ्या जत्रेनं ऐकली. मी मात्र गूळ शोधत त्यांच्या हाताला नाक लावत होतो. मित्रांनो, याची मला अजून लाज वाटते.

कृष्णातच्या मांडीचं हाड मोडलं. सांगलीला ऑपरेशन करून सळई घातली. भरतीचा दिवस त्यानं खाटेवर काढला.

मला कुणी मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही. फक्त माझी हाक बंद झाली. शालूबाई खाली मान घालून वैरण टाकायच्या आणि जायच्या. एकदा कृष्णात काठी टेकत गोठ्यापर्यंत आला. आईला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "घोड्याची काय चूक हाय आई? तू बोलावलंस, तो आला." शालूबाई त्यानंतर दोन दिवस जेवल्या नाहीत.

हवालदारांना ते बघवेना. त्यांनी खंडाळ्याच्या वीरधवलना बोलावलं. त्यांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा. त्यांनी माझे दात पाहिले, खूर पाहिले आणि नाव विचारलं.

"नाव न्हाई त्याला," हवालदार म्हणाले.

टेम्पोत चढायला मी तयार नव्हतो. चौघांनी ओढलं. मागून काठी बसली. माझ्या गुडघ्यातून रक्त यायला लागलं, तसा कृष्णात दारातून म्हणाला, "आई, तूच बोलव त्याला. तुझ्याशिवाय जायचा न्हाई तो."

शालूबाई आत गेल्या आणि गूळ घेऊन आल्या. टेम्पोत चढून उभ्या राहिल्या. गुळाची मूठ पुढं केली. मग त्यांनी हाक मारली, अगदी हळू, आणि मी चढलो. त्यांनी बोलावलं की जायचं, एवढंच मला येत होतं. त्यांनी माझ्या कपाळाला कपाळ टेकलं आणि त्या उतरून गेल्या. गूळ पेठ नाक्याच्या आधीच संपला.

आता माझं नाव राजा आहे. आमच्या तबेल्यात तीन राजे आहेत आणि हाक कुणालाच नाही. मी वरातीत चालतो, भोवती मोठमोठे भोंगे असतात. भोंगा खरखरला की माझे कान उभे राहतात आणि अंगाला घाम फुटतो. वीरधवल म्हणतात, घोडा बुजरा आहे. मी बुजरा नाही. ती हाक आली तर मी वळणार, हे मला माहीत आहे, आणि माझ्या पाठीवर कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

मित्रांनो, आम्हाला नावं खुशाल हसत ठेवा. पण ठेवलेल्या नावाला कुणीतरी जन्मभर कान लावून असतं, एवढं ध्यानात असू द्या. आणि कधी आष्ट्याला गेलात, तर शालूबाईंना सांगा, माझा राग नाही. जमलं तर एकदा येऊन हाक मारा म्हणावं. फक्त माझी पाठ मोकळी असताना.