हिरूचा वाटा

पळसदरीच्या वरच्या अंगाला वालाची शेतं होती आणि थंडीत शेंगा भरल्या की रानडुकरं त्यात लोळायला हजर. मग गावातले गडी भाले, काठ्या आणि कुत्री घेऊन रानात शिरत. त्या काळी त्यांना अडवायला कुणी येत नसे. डुक्कर पडलं की देवळामागच्या खडकावर वाटे होत. रानात गेलेल्या गड्याला एक वाटा, आणि कुत्र्यालाही एक, तो मालकाच्या नावानं. वाटे घालणारा नामा एकेक नाव घेऊन मोठ्यानं हाक मारी.

गोदूबाईचा नवरा हिरू जाऊन काही वर्षं झाली, तरी त्याच्या नावाची हाक बंद पडली नव्हती. कारण त्याचा कुत्रा भुऱ्या. शिकारीचा गलका ऐकला की हा आपणहून धावत सुटे आणि संध्याकाळी खडकावरून हाक येई, "हिरूचा वाटा!"

गोदूबाईला मटणाचं एवढं अप्रूप नव्हतं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. चारचौघींसारखं तिचंही आपलं 'हे' आणि 'आमचं माणूस'. आणि गेलेल्या माणसाचं नाव दुसरं कोण कशाला घेतंय? ते कानावर पडायचं फक्त त्या हाकेत. म्हणून वाटे पडायच्या वेळी ती हातातलं काम टाकून परसदारी येऊन उभी राहायची.

त्या दिवशी मात्र भुऱ्या पडवीत पडून होता. पायात बोरीचा काटा मोडून पंजा सुजला होता, वर हळदीची चिंधी बांधलेली. गलका ऐकून तो कुईकुई करत राहिला, उठला काही नाही. गोदूबाईला वाटलं, संपलं आता, ही हाकही गेली. तिला रडू आलं आणि त्या बिचाऱ्या कुत्र्याचा उगाच रागही आला.

पण दिवस कलताना खडकावरून हाक आली, "हिरूचा वाटा!" मागोमाग नामा पानात बांधलेलं मटण घेऊन दारात. कुणी विचारलं नसताना त्यानं सांगायला सुरुवात केली, की आज भुऱ्यानं काय कमाल केली, नाल्यात डुक्कर कसं अडवून धरलं. तेवढ्यात त्याचा आवाज ओळखून भुऱ्या तीन पायांवर लंगडत बाहेर आला आणि त्याचे पाय चाटायला लागला. नामानं ती चिंधी पाहिली आणि तो आभाळाकडं बघायला लागला.

गोदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणापुढं हात पसरणाऱ्यातली ती नव्हती. पण हा वाटा परत करायचा म्हणजे ते नावच परत करायचं. तिनं पानं हातात घेतली आणि सगळ्या गड्यांना दिवेलागणीला जेवायला घेऊन या, एवढंच नामाला बजावलं.

डुक्कर घरातल्या चुलीवर चढत नसे. त्यासाठी परसात तीन दगड आणि एक काळा टोप वेगळा ठेवलेला. हिरू होता तोवर गड्यांच्या जेवणाला टोपात डाव चाले तो हिरूचा, आणि दारातून तोंड चाले ते हिचं. आज दोन्ही तिलाच करायचं होतं. मटण मांडीचं, चरबीचं नाव नाही. असलं मटण घाई केली की वातड होतं. तिनं निखाऱ्यावर कांदा आणि सुकं खोबरं भाजलं, लसूण, धणे, मिरच्या घालून तेल सुटेपर्यंत पाट्यावर वाटलं, कारण मटणाचं स्वतःचं तेल नव्हतंच. झाकणावर पाणी ठेवलं आणि ते तापलं की तेच थोडं थोडं आत सोडत बसली. नामाच्या थापेबद्दल मूठभर मिरच्या जास्तीच्या पडल्या होत्या.

गडी जेवायला बसले. तांदळाच्या भाकरी, तांबडाभडक रस्सा. सगळ्यांची नाकं वाहायला लागली, तरी पाणी कुणी मागेना.

"भावजी," गोदूबाई म्हणाली, "भुऱ्यानं डुक्कर कसं अडवलं, ते परत सांगा की."

नामानं घास गिळला आणि मान खाली घालून सांगितलं. या खेपेला डुक्कर नाल्यातून करवंदीच्या जाळीत गेलं होतं. पंगतीतल्या लडकूला हसता हसता ठसका लागला, आणि मग गोदूबाईलाही हसू आवरेना.

"पुन्यांदा कुत्र्याच्या नावानं खोटं बोलू नका," ती डोळे पुसत म्हणाली. "टोप माझा, मसाला माझा. डुक्कर पडलं की मी रांधीन. वाटा रांधणारीचा म्हणून द्या."

कुणाचीच ना नव्हती. हिरू गेल्यापासून असा रस्सा त्यांच्या जिभेला लागला नव्हता. नामानं बोटं चाटत विचारलं, "मंग वयनी, हाक कशी मारू? गोदूबाईचा वाटा?"

गोदूबाईचा डाव टोपात थांबला. वाटा तिला हक्काचा मिळाला होता, पण ते नाव मात्र आता जाणार होतं. तिनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला.

"हिरूच्या गोदूचा वाटा," ती म्हणाली. "अशी मारा."

गड्यांचे हात ताटात थांबले. पडवीतल्या भुऱ्यानं तेवढे कान उभे केले आणि तो दाराकडं बघत राहिला.