तातडीची पावडर

चार दिवस झाले, कांतीलाल सूर्य बुडाल्याशिवाय घरी येत नाही. आमच्या जैनाच्या घरात दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. चाळिशीचा माझा मुलगा, दुकानाचा मालक, उपाशीच येतो, माझ्याकडे न बघता सरळ माडीवर चढतो आणि सकाळी पाणीही न घेता निघून जातो. मी ओट्यावरून आत, आतून ओट्यावर. पाय ठरत नाहीत.

यंदाच्या, त्र्याहत्तरच्या, उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. नगरपालिकेचे अध्यक्ष दौलतराव भर दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"अंगुरीकाकी, इहिरीत टाकायले ब्लिचिंग पावडर पाह्यजे. टेंडर काढतो म्हटलं तं पंधरा दिवस जाते. तवरोक गाव राह्यते का?"

"मंग नोका काढू. आमच्या दुकानातून उचला. माल खरा हाय, माही जबान."

"तुमची जबान म्हंजे ठरावच, काकी!"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चार दिवसांपूर्वी, तातडीची खरेदी म्हणून कागद झाला. भाव कोणी विचारला नाही, डबा कोणी उघडून पाहिला नाही. मी गल्लीभर मिरवले, ते आता कशाला लपवू.

आज सकाळी पंचफुला आली नाही. वीस वर्षं खालच्या विहिरीचं पाणी तीच आणते. मी ते दुहेरी फडक्यातून गाळते. फडक्यात उरते ती जिवाणी, पाण्यातले बारीक जीव. ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, असा आमचा नेम. ते कामही पंचफुलाचंच. ती नाही म्हणून वाटी घेऊन मीच निघाले.

नगरपालिकेचा ग्यानबा विहिरीत पावडर टाकत होता. मी काठावर वाकले. डोळे झोंबले नाहीत, नाकात काही शिरलं नाही.

"ग्यानबा, याले वास काहून नाही?"

"मले वाटलं मलेच पडसं झालं," तो हसला. मग हसू गिळून म्हणाला, "माल तं तुमच्याच दुकानातला हाय, शेठाणी."

"अन् पंचफुला कुठी हाय?"

"दवाखान्यात. काल सांजपासून सलाईन लावून राह्यले. या आळीतली सातवी."

मूठभर पावडर पदराला बांधून घरी आणली. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण हळदीचा डाग मला कळतो. खरी पावडर तो डाग खाऊन टाकते. ही पाण्यात कालवून हळदीच्या फडक्यावर चोळली. डाग कुंकवासारखा लाल झाला. दुपारपर्यंत तीनदा जाऊन पाहिला. लालच. हा तर पानाला लावायचा चुना!

ग्यानबाला सांगून खालच्या विहिरीवरचा दोर काढून घ्यायला लावला. मग माठातलं पाणी लोट्यात घेतलं आणि वाट पाहत बसले. बसले कुठली, फिरतच होते.

कांतीलाल अंधार पडता पडता आला. जिन्याशी मी उभी. ते लाल फडकं त्याच्यापुढे धरलं. त्याला विचारावं लागलं नाही.

"जुना माल होता, आई. कमी पडला म्हून चुना टाकला. अकोल्याहून नवा यायले आठ दिवस लागते, अन् दौलतरावले आजच पाह्यजे होता. टेंडर असतं तं नमुना तपासला असता. इथी कोन पाह्यते?"

गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं सांगितलं त्याने. मी लोटा पुढे केला.

"खालच्या इहिरीचं हाय. पे."

तो एक पायरी मागे सरला. "दिवस बुडाला, आई. आता कसा पेऊ? नेम हाय आपला."

तेव्हा कळलं, हा चार दिवस उशिरा का येतो: घरचं पाणी प्यावं लागू नये म्हणून. दिवसभर दुकानात सोड्याच्या बाटल्या फोडत असेल. इथे तोच माठ मी भरत होते, तेच पाणी मी पीत होते. एका शब्दाने त्याने मला अडवलं नव्हतं.

लोटा मी मागे घेतला नाही.

"बरोबर हाय," मी म्हणाले. "नेमाचा पक्का हाय तू. पाण्यातला किडा मरू नये म्हून तुही माय फडकं धरते, अन् तू मायलेच सोडून देल्लं. पंचफुलाले बी. उद्या दिवस निघाला का हा लोटा तूच उचलशीन अन् दौलतरावच्या दारात उभा राहून समदं सांगशीन. मी मांगं उभी राहीन. टेंडर नव्हतं, कांतीलाल. माही जबान होती. तिच्यात तू चुना कालवला."