ठकीचं पाणी

सुईच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता, परत आत जात नव्हता, नुसता थरथरत होता — आणि शरयूला ठाऊक होतं की थरथरतोय तो आपला हात, थेंब नव्हे. पण हाताकडे बघायचा धीर तिला होईना. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ठकी, तिची मान तेवढी बाहेर, कान मागे पडलेले, आणि तिच्या खांद्यांमधली कातडी शरयूच्या डाव्या हाताच्या चिमटीत. 'चमडी को तंबू जैसा उठाओ, बहू,' मागच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर म्हणाले होते. जन्मभर फौजेतली खेचरं बरी करून पेन्शनीत निघालेला माणूस. मांजर म्हटल्यावर आधी पोट धरून हसला होता, मग स्वतःच सलाइनची बाटली आणि आपली जुनी काचेची सिरिंज घेऊन आला होता. 'तंबू के अंदर सुई, बस. खच्चर लात मारता है. ये तो सिर्फ घूरेगी.'

ठकीनं डोळे वटारलेदेखील नाहीत. सुई आत गेली आणि ती ओरडली नाही. पहिल्या खेपेला तिनं शरयूचं मनगट फाडून ठेवलं होतं, कांचघर मोहल्ल्यातली अर्धी गल्ली गोळा होईल असं केकाटली होती. तेव्हा शरयूला तिचा राग आला होता आणि आता त्या ओरखड्यांकडे बघून तिला वाटत होतं, ओरड ना गं बये, एकदा तरी ओरड. तिनं दट्ट्या हळूहळू दाबला. पाणी कोमट होतं. डिसेंबरातली थंडी, बाटली आधी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची हे तिचं तिनंच ठरवलं होतं. कातडीखाली एक लहानशी उशी फुगून आली. ती आता सावकाश खाली उतरेल, पायांकडे जाईल, अंगात जिरेल. किंवा जिरणार नाही. काल संध्याकाळची बराच वेळ तशीच राहिली होती, बोटाला थंडगार लागत होती...

जिरू दे. एवढं जिरू दे.

नवस वगैरे काही नव्हता. देव पाण्यात घालून बसणाऱ्यांतली ती नव्हतीच, आणि एका मांजरीसाठी देवाला पाण्यात घातलं असं कळलं असतं तर शेजारच्या राधाबाईंनी वर्षभर पुरवून पुरवून हसून घेतलं असतं. पण बोली झाली होती. कुणाशी, कधी, ते तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी भांडी घासता घासता मनात ती झालेलीच सापडली. ठकी जगली तर विष्णूच्या हातांवरचा पिवळा रंग हा नुसता रंग. आणि ठकी गेली तर — तर पुढचं वाक्य ती पुरं करत नसे, उठून काहीतरी धुवायला घेई.

विष्णू म्हणजे तिचा नवरा, फॅक्टरीत, तोफगोळ्यांमध्ये दारू भरायच्या सेक्शनमध्ये. लढाईची चाहूल लागली तशी पाळी लांबत गेली, दोन पाळ्यांची एक झाली, आणि दसऱ्याच्या सुमारास त्याचे तळवे पिवळे दिसायला लागले. मग नखं. मग कपाळावरचे केस, आणि त्यांच्यामागून उशीचा अभ्रा. त्या सेक्शनमधली सगळीच माणसं तशी, फाटकातून बाहेर पडताना बाकीचे त्यांना 'दूल्हेराजा' म्हणायचे, आणि राधाबाई कुंपणावरून विचारायच्या, "काय वो भाऊजी, रोज हळद लागून राहिली, वऱ्हाड कधी निघते?" सगळे हसायचे. शरयूही हसली होती. लग्नातली हळद तर धुतल्यावर जायची, ही साबणानं जात नव्हती, एवढाच काय तो फरक. आणि त्या फरकाची गंमत वाटावी असंच तेव्हा वातावरण होतं, रेडिओवर बातम्या, खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद, आणि आपला माणूस खुद्द लढाईच्या कामावर. तिला अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. पिवळ्या हातांनी तो भाकरी मोडायचा तेव्हा तिला वाटायचं, बघा, हे हात.

सुई तिनं काढली, जागा बोटानं दाबून धरली. ठकीच्या कानाचं आतलं अंग तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवून ती त्याच कानाकडे बघत होती.

ठकी पांढरीफटक. म्हणून तर पिवळं उठून दिसत होतं... पण तेव्हा कळलं नव्हतं. खाणं सुटलं, ओकाऱ्या झाल्या, हिरड्यांना फोड आले तेव्हा राधाबाईंनी सांगितलं ते तिनं केलं — जे कुठल्याही घरात केलं असतं — तुपात हळद कालवून हिरड्यांना लावली, ओरबाडलेल्या कानांनाही लावली, आतून बाहेरून. मग डॉक्टर आले. त्यांनी ठकीचा ओठ वर उचलला, पापणी खाली ओढली, कान उलटा केला. "ये पीला क्या है?" "हल्दी लगाई है, डॉक्टरसाब." ती चटकन म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. "आप लोग भी, हर चीज में हल्दी," असं म्हणून त्यांनी बोट पँटला पुसलं. उंदीर मारायचं औषध खाल्लं का, विचारलं. नाही म्हणाली, तेही खरं. अंगातलं पाणी आटलं आहे, आधी पाणी भरा, लघवीचा रंग बघत जा, पोट सांभाळलं तर जगेल. झालं.

एक गोष्ट तिनं सांगितली नाही. ठकी कशावर झोपते ते.

विष्णू कामावर नाकातोंडाला पंचा बांधायचा. तिथले देतात त्या फडक्यानं जीव घुसमटतो म्हणायचा; वडिलांपासून पंचाच, घाम पुसायला पंचा, अंग पुसायला पंचा, बारुदाच्या धुळीलाही पंचाच. अंगावरचे कपडे तिथंच ठेवून, आंघोळ करून घरी यायचा नियम; पण पंचा त्याचा स्वतःचा, तो खांद्यावर टाकून घरी यायचा. आला की कोपऱ्यातल्या खोक्यात फेकायचा. आणि ठकी त्यावर. धुवायला काढायला गेलं तरी उठायची नाही, त्याच्या वासावर तिचं प्रेम. पुन्हा तासन् तास स्वतःला चाटत बसायची, केस न् केस साफ. सांगायचं का हे डॉक्टरांना? विष्णूनं बजावलं होतं, सेक्शनमधलं बाहेर काही बोलायचं नाही, दिवस लढाईचे आहेत. म्हणून बोलले नाही. हे कारण खरं आहे... पण पुरतं खरं नाही. सांगितलं असतं तर ते काहीतरी म्हणाले असते, आणि जे म्हणाले असते ते ऐकावं लागलं असतं.

आज सकाळी कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून तिनं ठकीचे कान पुसले. पहिला बोळा पिवळा झाला. दुसरा थोडासा. मग बोळे पांढरेच्या पांढरे निघायला लागले, आणि कान पिवळाच राहिला. ती पुसतच राहिली, ठकीनं मान ओढून घेईपर्यंत.

"आहे का गेली?" दारातून राधाबाईंचा आवाज. त्या आत आल्या, सुपात निवडायची मेथी घेऊनच आल्या. "अगं बाई, टोचून राहिली का अजून? मले तं बघवत नाही. काहून एवढा जीव टांगणीला लावते मांजरीपायी?"

"आहे अजून." शरयूनं टॉवेल सैल केला.

"भाऊजी आले का?"

"येतीलच."

"त्यांले सांग, दोन दिवस रजा टाका. काल दिसले नं, तोंड कसं उतरलं. हळद तोंडावर चढली पुरी." आणि राधाबाई आपल्याच बोलण्यावर हसल्या. शरयूनं हसायला म्हणून ओठ हलवले, पण ते कुठंतरी मध्येच अडकले, आणि राधाबाईंच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी मेथी सावरली आणि भाजी फोडणीला टाकायची आहे म्हणत त्या निघून गेल्या.

विष्णू रात्रपाळी करून आला तेव्हा ऊन मागच्या अंगणात आलं होतं. सायकल लावली, पंचा खोक्याकडे फेकला — खोकं तिथं नव्हतं, पंचा जमिनीवर पडला. त्याच्या लक्षात आलं नाही. भिंतीला टेकून तो बसला.

"जेवण राहू दे. च्या दे फक्त."

"काहून? कालपण नाही जेवलात."

"तिथं धुळीवर गूळ देतात, तो खाल्ला नं. भूक नाही." मग ठकीकडे बघून त्याचा आवाज मऊ झाला. "कशी आहे महाराणी?"

"आज ओरडलीसुद्धा नाही." चहाचं आधण ठेवायचं सोडून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. खोलीत काळ्या कागदांमुळे दिवसाही उजेड धड नव्हता, फाटल्या कडांतून येईल तेवढाच. "जरा खिडकीशी या बरं."

"आता काय?"

"डोळ्यात काही गेल्यासारखं दिसतं."

तो उठला, उगाच कण्हल्यासारखं करत, गमतीनं; निदान तिनं ते गमतीनं आहे असं धरलं. काचेवरच्या कागदाचा एक कोपरा तिनं उचकटला. उजेड सरळ त्याच्या तोंडावर पडला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. उघडा, ती म्हणाली. खालची पापणी तिनं अंगठ्यानं ओढली, डॉक्टरांनी ठकीची ओढली होती तशीच, आणि आपण तशीच ओढतोय हे तिला कळलं. पांढरं होतं का ते? पांढरंच. की नव्हतं... कागदाच्या कडेनं येणारा उजेडच पिवळट असेल, हिवाळ्यातलं ऊन तसंच असतं. कोणता रंग पांढरा, हेच तिला आठवेना.

"काही नाही गेलं," तो म्हणाला. "कावीळ झालेल्याले सगळं जग पिवळं दिसते म्हणतात. तुलेच झाली असंल."

"फॅक्टरीच्या डॉक्टरला दाखवा ना एकदा."

"दाखवलं की सेक्शनमधून काढतात. अच्छा, काढलं, मंग माझ्या जागी कोण बसंल? नवं पोरगं. त्याले काय येते?" तो परत भिंतीशी जाऊन बसला. "तिकडं पोरं मरून राहिली, शरयू. अन् मी हात पिवळे झाले म्हणून घरी बसू? तोंड दाखवता येईल का गल्लीत?"

हेच ती स्वतः राधाबाईंना सांगायची, ह्याच शब्दांत, मान वर करून. तिनं चहा दिला, तो अर्धा टाकून त्यानं डोळे मिटले, आणि ती ठकीला मांडीवर घेऊन बसली. कातडीखालची उशी हाताला लागते का बघितलं. लागली नाही. दुसऱ्या बाजूनं चाचपलं. पोटाखालून, बगलेतून. पाणी जिरलं होतं.

विष्णू पडल्या जागी झोपला. कामावर निघायची वेळ होईपर्यंत ती तिथून हलली नाही, त्याचा श्वास ऐकत, हिचा श्वास बघत. तो उठून तोंड धुऊन आला तेव्हा ठकीनं मान उचलली. मांडीवरून उतरली, पाय फाकत, एकदा कलंडत. बशीपाशी गेली आणि नुसतीच उभी राहिली. मग लप, लप. थांबली. पुन्हा लप, लप, लप, आणि थांबेचना.

"अरे, पिऊन राहिली!" विष्णू गुडघ्यावर बसला, त्याचा सुकलेला चेहरा लग्नाच्या वेळचा झाला. "बघ, बघ! वाचली! म्हटलं नव्हतं मी? आमची ठकी अशी नाही जायची." आणि त्यानं तिच्या पाठीवरून फिरवायला हात पुढं केला.

"हात लावू नका तिला!"

कोण ओरडलं? शरयूला आपला आवाज ओळखू आला नाही. त्याचा हात हवेतच राहिला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग हाताकडे, उलटा करून, सुलटा करून.

"काहून?"

काहून. ती सांगणार होती काहीतरी — आजारी आहे, चावेल, दचकेल — पण मनात भलतंच जुळत चाललं होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. ठकी ओकली तेव्हा खोकं घाण झालं. मी ते अंगणात नेऊन टाकलं, पंचे राखेच्या पाण्यात भिजत घातले, हिला माझ्या जुन्या लुगड्यावर घेतलं, स्वैपाकघरात, माझ्याजवळ. तेव्हापासून ही त्यावर झोपलीच नाही. सलाइननं वाचली, हो, सलाइननंच... पण पाणी तर गेल्या महिन्यातही पीत होती ती, दूधही पीत होती, आणि आजारीच पडत चालली होती. पंच्यांपासून दूर झाली आणि सावरली. ती दूर झाली. हा रोज जातो.

बोली ती जिंकली होती. एवढे दिवस जे मागत होती ते समोर, बशीत, लप लप वाजत होतं. त्या आवाजानं तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तिच्या मनात आलं की ही मेली असती तर मी म्हटलं असतं, मांजर होतं, म्हातारं झालं होतं, कुणाचंही मरतं. रडले असते आणि त्याला डबा करून दिला असता. ठकी वाचल्यामुळे आता तेवढीही पळवाट राहिली नव्हती, आणि स्वतःच्या ह्या विचाराची तिला शिसारी आली.

"वेळ झाली," विष्णू म्हणाला. तो उठला होता, खाली पडलेला पंचा उचलून झटकत होता. खिडकीच्या उचकटलेल्या कोपऱ्यातून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि झटकलेल्या पंच्यातली बारीक धूळ त्या पट्टीत तरंगत राहिली. शरयूनं पदर नाकाला लावला. "आता तरी हस की. वाचली ना तुझी लेक."

तिला हसू आलं नाही. रडूही नाही. आतून वर येत होता तो राग होता, निखळ, तापलेला. त्याच्यावर, दूल्हेराजा म्हणून हसणाऱ्यांवर, मान वर करून बोलणाऱ्या स्वतःवर. आणि इतक्या दिवसांच्या भीतीनंतर त्या रागाची ऊब तिला हवीशी वाटली. हा माणूस काय म्हणणार ते तिला पाठ होतं. गल्ली काय म्हणेल तेही. आपल्याजवळ त्यावर उत्तर नाही हेही तिला ठाऊक होतं. उत्तर नसलं तरी भांडता येतं, एवढंच तिला आता नव्यानं कळत होतं. ती उठली आणि त्याच्या नि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आणि तिचे हात थरथरत नव्हते.