पुठ्ठ्याआडचा बाण

"खुर्ची परत खाली गेलीय. काही लोकांना जमिनीलगत बसायची हौस असते."

अण्णा हे खुर्चीला म्हणाले. थोरली सून हातभर अंतरावर हेडफोनची वायर गुंडाळत उभी होती, पण गेलं वर्षभर सासरे तिच्याशी थेट बोलत नसत. जे काही असे ते फर्निचरमार्फत.

"काही लोकांचे पाय जमिनीला टेकतात तरी," सून टेबलाला म्हणाली.

घरात कॉम्प्युटर एक आणि शेअरच्या चार्टचे फॉर्म्युले लिहिणारे दोन. दुपारपर्यंत ती, नंतर अण्णा. ती गिऱ्हाइकांसाठी लिहायची. कुणाला भावाच्या दोन सरासऱ्या एकमेकींना छेदून गेल्या की हिरवा बाण हवा असे, कुणाला भाव घसरू लागला की लाल पट्टा. रिटायर झाल्यावर अण्णा तिचंच बघून बघून शिकले, हे घरात उच्चारायचं नसे. एकदा त्यांच्या मित्रांसमोर ती "अण्णा, कंस बंद करायचा राहिला" एवढंच म्हणाली. कंस बंद झाला आणि अण्णांचं तिच्याशी बोलणंही.

आता त्यांचा स्वतःचा इंडिकेटर, म्हणजे चार्टवर आपोआप खूण करणारा फॉर्म्युला, तयार होता. चार्टवर एका दिवसाच्या भावाची एक उभी कांडी, म्हणजे कॅन्डल, आणि भाव जिथे जिथे तळ गाठून वर फिरला, बरोबर तिथे कॅन्डलखाली हिरवा बाण. एकही चुकलेला नाही. इतका शहाणा बाण सुनेने जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी फॉर्म्युला उघडला तर तिसऱ्याच ओळीत सगळं आलं: पुढच्या तीन कॅन्डल वर गेल्या, तरच या कॅन्डलखाली बाण. म्हणजे आधी काय होतंय ते बघायचं आणि मग मागे जाऊन खूण करायची. कुणाचं लग्न मोडलं की 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हणणाऱ्या आत्याबाई असतात ना, तसला बाण.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं वय बघ. रमलेत, रमू दे." सासूबाईंनाही दिसत होतंच. आजच्या कॅन्डलखाली कधी काही नसे, आणि तीन दिवसांनी मागे बाण येऊन बसलेला असे. पण त्यांनी सुनेला बजावलं, "तू तर बोलूच नकोस. तू बोललीस की खरंसुद्धा खोटं ठरेल."

रमू दिलंही असतं. पण धाकट्या दिराने त्या बाणाच्या भरवशावर नोकरी सोडून शेअरच्या खरेदी-विक्रीवर जगायचं ठरवलं. त्याचा साहेब छळवादी होता, हे खरं. पण आतल्या खोलीत त्याची बायको पाय उशीवर ठेवून पडली होती, सातवा महिना. राजीनाम्याची मेल मोबाइलवर लिहून तयार होती. चहा झाला की पाठवायची.

रविवार होता, बाजार बंद. सगळे चहाचे कप घेऊन कॉम्प्युटरभोवती जमले होते. अण्णांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि स्क्रीनचा उजवा भाग झाकला.

"पुढचं काही दिसतंय? नाही ना? आता बघ."

पुठ्ठा एकेक कॅन्डल सरकू लागला. कॅन्डल, कॅन्डल, बाण.

"आला. आता सांग, पुढे भाव काय होणार?" पुठ्ठा आणखी सरकला. भाव चढत गेला. दिराचा चेहरा असा उजळला, की सुनेला त्याची दया आली आणि सासऱ्यांचा संताप. पुठ्ठा माणसांच्या डोळ्यांसमोर होता. फॉर्म्युल्याला त्याच्याआडचं सगळं लख्ख दिसत होतं.

"भाऊजी, मेल पाठवण्याआधी एक करू," ती म्हणाली. "चार्ट झाकायचा नाही. बाणाच्या दिवशीच तोडायचा."

"काही लोकांच्या पोटात दुखतं," अण्णा पुठ्ठ्याला म्हणाले.

"ते घेतील औषध."

ती खुर्चीत बसली, कळ दाबून खुर्ची खाली घेतली आणि शेवटच्या तारखेच्या चौकटीत त्या बाणाचाच दिवस टाकला, म्हणजे त्यापुढचे भाव फॉर्म्युल्यालाही दिसेनात. स्क्रीन लुकलुकली. कॅन्डल जागेवर होती. खाली काही नव्हतं.

"नेट गेलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"रिफ्रेश कर ना," नवरा म्हणाला.

"काहीतरी दाबलंय तिने," अण्णा म्हणाले. 'काही लोक' गेले आणि 'ती' आली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिने एक दिवस वाढवला. काही नाही. आणखी एक. काही नाही. तिसरा दिवस टाकला, आणि बाण तीन कॅन्डल मागे, आपल्या जागी, मुकाट येऊन बसला. ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर भांडण पेटलं असतं, आणि भांडणात बाण वाहून गेला असता.

दीर स्क्रीनकडे बघत राहिला. मोबाइल तळहातावर तसाच.

"अण्णा, त्या दिवशी मी चार्ट उघडला असता, तर हा बाण दिसला असता?"

"अरे, हे सॉफ्टवेअरच जुनं..."

"सॉफ्टवेअरला नाही विचारत. तुम्हाला विचारतोय."

सासूबाई कप गोळा करू लागल्या. कपांत चहा होता. नवऱ्याला एकाएकी खिडकीची कडी तपासावीशी वाटली. आतून धाकट्या जावेचा आवाज आला, "अहो, पाठवली का मेल?"



अण्णांनी पुठ्ठा दुमडला, पुन्हा दुमडला, दुमडता येईना तेव्हा मुठीत धरला. मग वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी सुनेकडे सरळ बघितलं. नजरेत माया वगैरे काही नव्हती.

"सूनबाई, त्याला सांग," ते म्हणाले, आणि थांबले. मग मुलाकडे वळून स्वतःच म्हणाले, "नसता दिसला. बाण नंतर येतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."